बिलाआधी खोकं मोजा

रोह्याहून कोलाडकडे निघालं की कुंडलिकेच्या काठाने धाटावची एमआयडीसी लागते. रसायनांच्या कारखान्यांचं हे गाव, त्यामुळे मालाची आवक कशी नोंदवायची हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. टँकर आला की आधी काट्यावर चढतो, नमुना लॅबमध्ये जातो, स्टोअरवाला माल मिळाल्याची नोंद करतो. मग अकाउंट्समध्ये तीन कागद शेजारीशेजारी ठेवतात: आपण काय मागवलं, प्रत्यक्षात काय आलं आणि विक्रेत्याने पैसे कशाचे लावले. तिन्ही जुळले तरच बिल पास. बिल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याहून निराळं काही नाही. ही जुनी शिस्तच ते भराभर पाळतं. गुरांच्या दवाखान्यालाही तिची तेवढीच गरज आहे, असं माझं ठाम मत आहे.

दवाखान्यातलं चित्र मात्र वेगळं असतं. डॉक्टर सकाळीच एखाद्या वाडीवर अडलेल्या म्हशीपाशी गेलेले, मागे कंपाउंडर एकटा. कुरिअरवाला खोकं टेकवतो, सही घेतो आणि निघतो. बिल तारेत ओवलं जातं, ते स्टॉकिस्टचा माणूस वसुलीला आला की बाहेर निघतं. त्या दिवशी व्हायल नेमक्या किती आल्या होत्या, हे तोवर कुणाला आठवत नाही.

हिशेब करून पाहू. एका इंजेक्शनची व्हायल 200 रुपयांना आणि त्यावर दहावर एक फुकट अशी स्कीम आहे असं धरा. बिल व्हायला हवं दहाचं, म्हणजे 2,000 अधिक 5 टक्के जीएसटी, एकूण 2,100. ते अकरा नगांचं झालं तर 2,310 होतात. 210 रुपयांचा फरक घाईत नजरेतून सुटतो. शिवाय स्कीम नीट लागली तर एक व्हायल करापूर्वी सुमारे 182 रुपयांना पडते, आणि शेळीवाल्याला औषधाची किंमत सांगताना हाच आकडा धरायला हवा. खरेदीतली चूक शेवटी जनावराच्या मालकाच्या खिशातून जाते. म्हणून मला हा विषय केवळ हिशेबाचा वाटत नाही.

करामुळे हे आणखी महत्त्वाचं होतं. जनावरं आणि पक्षी यांच्या आरोग्यसेवेला, म्हणजे पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेला, 2017 पासून जीएसटी माफ आहे. पण सेवा करमुक्त असल्याने तिच्यासाठी घेतलेल्या औषधांवर भरलेला कर परत मिळत नाही, तो औषधाच्या खर्चातच जमा होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या बिलावर कुठे चुकून 12 लागले, तर ते सात टक्के कायमचे गेले. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये कराचा दर तारखेसकट भरावा लागतो: अमुक दिवसापर्यंत हा, पुढे तो. नुसता नवा दर टाकला तर त्याआधीची बरोबर बिलंही लाल दिसू लागतात. काउंटरवर कुत्र्या-मांजरांचं पाकीटबंद खाद्य ठेवलं असेल, तर त्यावर 18 टक्के. गुरांच्या पेंडीची ओळ निराळी, तिच्यावर कर नाही.

सॉफ्टवेअरच्या उभारणीतलं खरं कष्टाचं काम म्हणजे औषधांची यादी. एकच जंताचं औषध एक स्टॉकिस्ट कंपनीच्या नावाने लिहितो, दुसरा आतल्या घटकाच्या नावाने, तिसरा आखूड करून चार अक्षरांत. यंत्राला ही तीन औषधं वाटतात. एक बॉक्स म्हणजे किती पट्ट्या, एका पट्टीत किती गोळ्या, बाटली शंभर मिलीची की तीसची, हे एकदा बसून ठरवावंच लागतं आणि ते डॉक्टर व कंपाउंडर यांनीच ठरवायचं. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला ते येणार नाही.

कागद वाचण्याचं काम यंत्र बऱ्यापैकी करतं. फोटो मळका असेल तर 8 चा बी आणि 0 चा ओ होतो. तिथे जीएसटी क्रमांकाची बांधणी उपयोगी पडते. पंधरा खुणांपैकी पहिल्या दोन राज्याच्या, महाराष्ट्राच्या 27. पुढच्या दहा म्हणजे पॅन, त्यात पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. शेवटची खूण आधीच्या चौदांवरून गणिताने निघते. त्यामुळे एक जरी खूण चुकीची वाचली गेली तरी गणित जुळत नाही आणि बिल बाजूला पडतं. दवाखान्याची जीएसटी नोंदणी असेल आणि विक्रेत्याची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल, तर बिलावर क्यूआर कोडही असतो. त्यातून बिलाचा क्रमांक, तारीख, एकूण रक्कम थेट मिळते. व्हायलचा दर मात्र त्यात नसतो, तो ओळीओळीनेच तपासायचा.

दुबार बिलाचा धोका तर रोजचा. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते, मग खोक्यातून कागद. एकावर 0145, दुसऱ्यावर 145. नुसता क्रमांक ताडून भागत नाही. विक्रेता, तारीख आणि रक्कमही जुळवावी लागते.

पण खोक्यात काय आहे, हे यंत्राला दिसत नाही. लसीचं थर्माकोलचं खोकं घ्या. आइसपॅक अजून गार आहे का, की पाणी झालंय? बहुतेक लसी 2 ते 8 अंशांत राहायला हव्यात, आणि अनेक लसी गोठल्या तरी वाया जातात. बॅच क्रमांक व्हायलवर एक आणि बिलावर दुसरा तर नाही? एक्स्पायरी दोन महिन्यांवर आलेला माल पूर्ण दराने आलाय का? हे कंपाउंडरने उभ्या उभ्या पाहायचं, मोबाइलवर नोंदवायचं आणि मगच लस फ्रिजमध्ये ठेवायची. बिल कितीही निर्दोष असलं तरी मेलेली लस कुत्र्याला रेबीजपासून वाचवत नाही. या नोंदीशिवाय सॉफ्टवेअर एका कागदाची दुसऱ्या कागदाशी गाठ घालत बसतं.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड झोडपला तेव्हा अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. नुसत्या इंटरनेटवर चालणारी व्यवस्था इथे घेऊ नये. नोंद फोनमध्येच राहील आणि रेंज आली की वर जाईल, अशीच मागावी.

रोहा-पेणच्या पशुवैद्यांना माझी विनंती आहे. सॉफ्टवेअर घेण्याआधी एक महिना साधी वही घाला. खोकं आल्याची तारीख, नग, बॅच, एक्स्पायरी आणि उघडणाऱ्याची सही, एवढंच लिहा. महिन्याच्या शेवटी ती वही आणि तारेतली बिलं घेऊन एक संध्याकाळ कंपाउंडरसोबत बसा.