दाट लॉनसाठी कोणता मोअर घ्यावा? आधी ताकद आणि उंची पाहा, रुंदी नंतर

देहूरोड, निगडी, तळेगाव या पट्ट्यात ज्यांच्या घरापुढे लॉन आहे, त्यांची खरी कसोटी जून ते सप्टेंबर असते. संततधार पावसामुळे एक-दोन आठवडे कापणी राहून गेली, की गवत घोट्याच्या वर जाते आणि उन्हाळ्यात झकास चालणारा मोअर दोन पावलांवर गुदमरतो. म्हणून ढकलत चालवायचा मोअर निवडताना ऑगस्टमधले लॉन डोळ्यांसमोर ठेवा.

गवत कोणते आहे?

हरळीच्या जातीचे गवत आडवे पसरते आणि वेगाने वाढते. नर्सरीत ‘मेक्सिकन’ नावाने मिळणारे गवत हळू वाढते, पण त्याची गादीसारखी जाड चटई होते. अशा मऊ थरात लहान, अरुंद चाके रुततात. मग पाते ठरवलेल्या उंचीपेक्षा खाली जाते आणि गवत मुळापाशी खरवडले जाऊन पिवळे चट्टे पडतात. दाट लॉनसाठी रुंद, मोठ्या चाकांचा मोअर बरा.

सिलिंडर की रोटरी?

1830 मध्ये इंग्लंडच्या एडविन बडिंग यांनी पहिल्या मोअरचे पेटंट घेतले. गिरणीत कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. सिलिंडर मोअर आजही तसाच चालतो. त्याची फिरती पाती स्थिर पट्टीवर कात्रीसारखे गवत कापतात. काप सुबक येतो, पण गवत नियमितपणे आखूड ठेवलेले हवे. वाढलेले गवत तो कापण्याऐवजी आडवे पाडतो.

रोटरीत एकच आडवे पाते वेगाने फिरते आणि उंच गवतही कापते. पावसाळ्यात कापणी चुकणार हे गृहीत धरले, तर घरगुती दाट लॉनसाठी रोटरीच सोयीचा.

रुंदीचा मोह टाळा

हिशेब करून पाहा. 40 सेंटीमीटर रुंदीचा मोअर ताशी 3 किलोमीटर वेगाने चालवला, तर तासाला 1,200 चौरस मीटर कापणी होते. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. वळणे आणि एकमेकांवर येणारे पट्टे धरले, तरी गुंठाभर लॉनला पाऊण तास लागणार नाही. मग रुंदी वाढवून उपयोग काय? उलट दीड अश्वशक्तीची मोटर 45 ऐवजी 35 सेंटीमीटरच्या पात्याला जोडली, तर दर सेंटीमीटरला जास्त ताकद मिळते. दाट गवतात तीच कामी येते.

उंचीचा खटका

एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. 12 सेंटीमीटर वाढलेले गवत आधी 8 वर आणा, काही दिवसांनी आणखी खाली. त्यासाठी मोअरची सर्वांत वरची पायरी 7 ते 8 सेंटीमीटर हवी. स्वस्त मोअरमध्ये ती बरीच कमी असू शकते, म्हणून दुकानात मोजून घ्या.

वीज, बॅटरी की पेट्रोल?

• विजेचा मोअर: स्वस्त आणि देखभाल कमी. मात्र ओल्या गवतात 230 व्होल्टची वायर जिवावर बेतू शकते. गवत कोरडे झाल्यावरच चालवा आणि सॉकेटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.
• बॅटरीचा मोअर: वायरची कटकट नाही. पण दाट गवतात चार्ज लवकर संपतो.
• पेट्रोलचा मोअर: सर्वांत दमदार. आवाज आणि देखभाल जास्त. महिनोन् महिने टाकीत राहिलेले पेट्रोल कार्बोरेटर तुंबवते.

एक-दोन गुंठ्यांच्या लॉनला दमदार विजेचा मोअर पुरतो. पावसाच्या उघडिपीत मोठे लॉन उरकायचे असेल, तर पेट्रोलचा घ्या.

घेण्यापूर्वी

पाते सहज निघते का आणि सुटे मिळते का, हे विचारा. बोथट पाते गवत फाडते आणि टोके तपकिरी होतात. पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात धार लावून मिळणे अवघड नाही. फक्त दोन्ही बाजूंचे वजन समान राहायला हवे, नाहीतर मोअर थरथरतो. अडकलेले गवत काढण्याआधी प्लग काढायचा. पेट्रोलच्या मोअरमध्ये स्पार्क प्लगची टोपी काढायची. हा नियम माळ्यालाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.