खासबागेची माती आणि गादी

1902 साली विलायतेच्या सफरीत रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या राजर्षी शाहू छत्रपतींनी त्याच धर्तीवर कोल्हापुरात कुस्तीचे जे खासबाग मैदान 1912 साली सिद्ध केले, त्याची रचनाच अशी की मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक असल्यामुळे अगदी मागच्या रांगेतल्या शेतकऱ्यासही ढाक कशी बसली, घिस्सा कोठे चुकला, हे स्पष्ट दिसावे. हौद्यातली मातीही साधी नव्हे. ती चाळून तीत तेल, ताक, हळद व लिंबू मुरवावे लागते, तेव्हा कोठे ती मल्लाच्या अंगाला मानवते. दरबारच्या खजिन्यातून पैलवानांना खुराक आणि इनाम मिळे, आणि त्या आश्रयावर गावोगावच्या तालमी पोसल्या गेल्या.

परंतु मातीचा कायदा एकच: पाठ टेकेपर्यंत झुंजायचे, वजनाची तमा नाही. अशा रिवाजात लहान चणीच्या मल्लाची कुचंबणा व्हायची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे असेच. वजन, वेळ आणि गुण मोजणाऱ्या गादीवरच्या कुस्तीतच त्यांच्या चपळाईस खरा न्याय मिळाला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीस जाण्यापुरता पैसा जमेना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. गुरूने शिष्यासाठी राहते घर गहाण टाकावे, याहून मोठा राजाश्रय मला तरी ठाऊक नाही! तेथे कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवून 57 किलो गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

पुढे 1959 साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले आणि 1960 साली तोच किताब गणपतराव आंदळकरांनी मिळविला. आंदळकरांनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक जिंकले, आणि उत्तरायुष्यात मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पिढ्या घडविल्या. मातीत वाढलेला मल्ल परक्या नियमांवरही जिंकतो, हे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले. तथापि वाट प्रथम पाडली ती खाशाबांनी, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास हेलसिंकीनंतर तब्बल 44 वर्षे लागली. कोल्हापूरच्या वस्तादांनी आणि आश्रयदात्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, हौद्याची माती वाळू देऊ नये आणि प्रत्येक तालमीत तिच्या शेजारी गादीही अंथरावी.