पीव्हीसीचा सच्छिद्र दाणा
आपल्या नळाच्या पाइपांचे पीव्हीसी कारखान्यात आधी पांढऱ्या भुकटीच्या रूपात तयार होते. ही भुकटी दळलेली नसते. दाबाखाली द्रवरूप ठेवलेले व्हिनाइल क्लोराइड पाण्यात घुसळतात. थेंबाथेंबाचा दाणा बनतो. घुसळण्याचा वेग आणि थेंबांना एकमेकांत मिसळू न देणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल यांवर दाण्याचा आकार ठरतो, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर.

पण आपण पाहायची ती दाण्यातली छिद्रे. पीव्हीसी आपल्या मूळ द्रवात विरघळत नाही. थेंबात त्याचे सूक्ष्म कण साचून मध्ये पोकळ्या राहतात. १९७४ मध्ये अमेरिकेत लुइव्हिल येथील पीव्हीसी कामगारांना व्हिनाइल क्लोराइडमुळे यकृताचा दुर्मिळ कर्करोग झाल्याचे उघड झाले. भुकटीत उरलेला हा वायू वाफेने हुसकावा लागतो, आणि घट्ट दाण्यातून तो सहज सुटत नाही. म्हणूनच अभिक्रिया शेवटपर्यंत न नेता थोडी आधी थांबवतात. नाहीतर पोकळ्या बुजतात.