तांब्याची पकड

कोळसा जळो की पेट्रोल, शेवटी उरतो तो कार्बन डायऑक्साइड. त्यातली ऊर्जा निघून गेलेली असते, म्हणूनच त्याला पुन्हा कामाला लावणे जड जाते. मधोमध कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन, असा हा सरळ रेषेतला रेणू सहजी वाकत नाही. त्याला वाकवायला उत्प्रेरक लागतो.

जपानमधल्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी यांनी त्यासाठी एकेक धातू तपासला. मांडणी साधी होती. पोटॅशियम बायकार्बोनेटच्या द्रावणात हा वायू सोडायचा, धातूचा इलेक्ट्रोड बुडवायचा आणि वीज द्यायची. सोन्या-चांदीवर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळाला, कथलावर आणि शिशावर फॉर्मेट. तांब्यावर मात्र मिथेन मिळाल्याचे त्यांनी १९८५ साली नोंदवले. पुढे एथिलीनही मिळाले.

तांबेच का? वाटेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. चांदी त्याला धरून ठेवत नाही, तो निसटतो. प्लॅटिनमला तो असा चिकटतो की पुढे काही घडतच नाही आणि पाण्यातला हायड्रोजन तेवढा बाहेर पडतो. तांब्याची पकड मधली. तिथे कार्बन मोनॉक्साइड हायड्रोजन जोडला जाण्याइतका वेळ थांबतो, कधी शेजारच्या जोडीदाराशी जुळतो आणि दोन कार्बनांचा बंध तयार होतो. पॉलिथिनचा कच्चा माल असलेले एथिलीन येते ते याच बंधातून. त्याचा एक रेणू घडायला १२ इलेक्ट्रॉन लागतात.

इतक्या लांबच्या वाटेला फाटेही खूप. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तांब्यावर १६ वेगवेगळे पदार्थ मोजले. मिश्रण वेगळे करण्याचा खर्च त्यातूनच येतो. शिवाय प्रयोगात तांबे थोड्याच वेळात निकामी होई. त्याची नाना कारणे सांगितली जात. २००५ मध्ये होरी यांनी दाखवले, की रसायनांतच लोखंड-जस्तासारख्या धातूंचे सूक्ष्म अंश असतात आणि ते इलेक्ट्रोडवर जमतात. द्रावण आधी शुद्ध केले, की तांबे टिकते. मला त्यांचे हे काम पहिल्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

उत्प्रेरकाने वाट सोपी होते, पण जळताना निघून गेलेली ऊर्जा परत द्यावीच लागते. आइसलँडमध्ये स्वार्तसेंगी इथे कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनवता आले, कारण तिथे भूगर्भातल्या उष्णतेवरची वीज हाताशी होती. तीच वीज कोळशाची असेल, तर वापरला त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. तेव्हा अशा प्रकल्पाची बातमी वाचाल, तेव्हा उत्प्रेरकाच्या आधी विजेची चौकशी करा.