हेमलकशाची संमती
लेखांक सहावा

पर्यावरण, स्थानिक समाज आणि अर्थव्यवस्था या तिन्हींवर आज व पुढे होणाऱ्या परिणामांचा हिशेब ठेवून चालवलेले पर्यटन म्हणजे शाश्वत पर्यटन, ही व्याख्या मागील लेखांकात आली. या हिशेबात जंगल, पाणी, कचरा आणि उत्पन्न यांची मोजदाद पुष्कळ होते. परंतु ज्यांच्या अंगणातून पाहुण्यांची वाट जाते त्या रहिवाशांचा पाठिंबा बहुधा गृहीत धरला जातो. तो नेमका कशातून निर्माण होतो, हे समजून घेण्यासाठी गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील हेमलकसा हे उदाहरण विशेष उपयोगी आहे, कारण तेथे लोकांचा विश्वास आधी आला आणि पाहुणे फार उशिरा आले.

पर्यटनाच्या अभ्यासात या प्रश्नाला सामान्यतः सामाजिक विनिमय सिद्धान्ताने उत्तर दिले जाते. मिळणारा लाभ सोसाव्या लागणाऱ्या त्रासापेक्षा अधिक वाटतो तोवर माणसे एखादा व्यवहार चालू ठेवतात, असे हा सिद्धान्त मानतो. जॉन अ‍ॅप यांनी १९९२ मध्ये तो रहिवासी आणि पर्यटन यांच्या नात्याला पद्धतशीरपणे लावून दाखवला. लाभ म्हणजे केवळ पैसा नव्हे, तर मान, सोयीसुविधा आणि निर्णयातील वाटाही त्यात येतो. हा शेवटचा घटक सर्वांत निर्णायक असूनही सर्वेक्षणांच्या प्रश्नावलीत तो सर्वांत कमी जागा व्यापतो, ही या विचारपद्धतीची मोठी उणीव म्हटली पाहिजे.

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना उभा केला, तेव्हा रस्ता, वीज, दूरध्वनी यांपैकी काहीही नव्हते. माडिया लोकांचा विश्वास उपचारांतून हळूहळू बसत गेला आणि १९७६ पासून आश्रमशाळेने तो पुढच्या पिढीपर्यंत नेला. आज पाहुण्यांचे सर्वाधिक लक्ष वेधणारे प्राणी अनाथालयही याच विश्वासाचे फलित आहे. शिकार हा माडियांच्या पोटाचा प्रश्न होता; म्हणून तिचा निषेध न करता, मादी मारली गेल्यास मागे उरलेले पिल्लू प्रकल्पात आणून द्यावे आणि त्याच्या बदल्यात धान्यासारख्या वस्तू घ्याव्यात, अशी रीत पडली. विनिमयाचा याहून स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही, कारण येथे दोन्ही बाजूंना अटी ठाऊक होत्या आणि नाही म्हणण्याची मुभाही होती.

डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना मिळालेल्या २००८ च्या मॅगसेसे पुरस्कारानंतर आणि त्यांच्या कार्यावरील २०१४ च्या चित्रपटानंतर महाराष्ट्रभरातून पाहुण्यांचा ओघ वाढला. आलापल्लीच्या जंगलातून येणारी गाडी प्रकल्प पाहते, भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा त्रिवेणी संगम पाहते आणि परत फिरते. या प्रवासात आसपासच्या पाड्यांशी होणारा व्यवहार चहापाण्यापलीकडे जाण्यास फारसा वाव नसतो. येथेच एक सूक्ष्म गफलत होते: दवाखाना आणि शाळेने पन्नास वर्षांत मिळवलेला विश्वास हाच पर्यटनालाही पाठिंबा आहे, असे समजले जाते. वस्तुतः प्रकल्पाला दिलेला होकार हा प्रकल्पालाच दिलेला होकार आहे. पर्यटनासाठी तो स्वतंत्रपणे मागावा लागतो.

तो मागताना गावाचे वेळापत्रक समोर ठेवणे भाग आहे. पाहुण्यांची गर्दी दिवाळीच्या सुट्टीपासून हिवाळाभर असते आणि नेमक्या याच काळात धानाची कापणी, बांधणी व मळणी चालते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुले वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे असतात, तर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडचा संपर्कच तुटतो. हंगामाच्या ऐन भरात ज्या घराला हातांची ओढ आहे, त्या घराने पाहुण्यांसाठी स्वयंपाक करावा अशी अपेक्षा धरणारी योजना कागदावर कितीही आकर्षक असली, तरी तिला मनापासून पाठिंबा मिळणार नाही.

माडिया गोंड ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणलेली जमात आहे. अशा समाजाच्या बाबतीत प्राणी पाहण्याची उत्सुकता माणसे पाहण्याच्या उत्सुकतेत कधी बदलते, हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. अंदमानात जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जाणाऱ्या रस्त्यावर नेमके हेच घडले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पर्यटकांच्या वाहतुकीवर काही काळ बंदी घालावी लागली. माडिया समाज तसा एकाकी नाही. तो शिकतो, बाजार करतो, मतदान करतो. तथापि गोंदलेल्या वृद्धेचे तिला न विचारता घेतलेले छायाचित्र, किंवा गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक सभागृहात, विनापरवाना शिरणे, यांतून होणारा अपमान कोणत्याही उत्पन्नाने भरून निघत नाही.

होकार मागण्याची कायदेशीर जागा मात्र तयार आहे. अनुसूचित क्षेत्रात पंचायत व्यवस्था लागू करणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या रूढी व संसाधने जपण्याचा अधिकार दिला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतील जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क, मान्य केला. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला, आणि पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपानांचा लिलाव स्वतः करून दाखवला. व्यापाऱ्याशी दर ठरवणारी ग्रामसभा पाहुण्यांची संख्या, मार्गदर्शकांची मजुरी, बंद ठेवायचे महिने आणि छायाचित्रणाची अट ठरवू शकत नाही, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

स्थानिकांना आस्था नसते, हा आक्षेपही टिकणारा नाही. अहेरी तालुक्यातील कमलापूरच्या शासकीय हत्तीकॅम्पमधील हत्ती गुजरातेत जामनगरला हलवण्याचा विषय २०२२ मध्ये पुढे आला, तेव्हा परिसरातील लोकांनीच त्याला विरोध केला. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मंडणगड तालुक्यातील वेळास गावात कासवांच्या संवर्धनाबरोबर गावकऱ्यांनी घरगुती निवास सुरू केले, तेही याच आस्थेच्या बळावर. हेमलकशाच्या परिसरात आजवर कमी पडलेली गोष्ट म्हणजे विचारणा, आणि ती पर्यटन विकासाचा आराखडा मंजूर होण्याआधी, माडिया भाषेत, नाही म्हणण्याचा पर्याय खुला ठेवून झाली पाहिजे.