एक टँकर पारा, दीड लाख टँकर गाळ

पाऱ्याचे आकडे ऐकताना फसगत होते. जपानच्या क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात मिनामाता नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्याने 1932 ते 1968 या 36 वर्षांत समोरच्या उपसागरात 70 ते 150 टन पारा सोडला असा अंदाज आहे. टनांची भाषा आली की डोळ्यांसमोर डोंगर उभा राहतो. पण पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड. त्यामुळे 150 टनांचा मोठा आकडा धरला तरी तो भरतो जेमतेम 11,000 लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडे वस्त्यांवर येतो तसा पाण्याचा एक मोठा टँकर, बस्स! (एवढ्या वजनाने टँकरचा आस जागच्या जागी मोडेल, ते सोडा.)

आता हा एक टँकर काय करू शकतो ते पाहू. माशांत पाऱ्याचं प्रमाण किती चालेल, याची जपानची मर्यादा आहे किलोमागे 0.4 मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम पारा अडीच टन मासळीला या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. 150 राहू द्या, 70 टनांचाच हिशेब करा. उत्तर येतं साडेसतरा कोटी टन मासळी. साऱ्या जगातल्या समुद्रांतून वर्षाला साधारण आठ कोटी टन मासळी पकडली जाते. जगभरच्या सगळ्या होड्यांची आणि ट्रॉलरची दोन वर्षांची पकड वाया घालवायला मिनामाताचा तो एक टँकर, तोही पुरता न भरलेला, कागदावर तरी पुरेसा आहे. प्रत्यक्षात सगळा पारा माशांच्या पोटात जात नाही. तो जातो गाळात, आणि खरी गोष्ट गाळाचीच आहे.

कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार व्हायचं. प्लास्टिकपासून औषधांपर्यंत अनेक गोष्टींसाठी लागणारं हे रसायन. 1960 साली उत्पादन शिखराला पोचलं, वर्षाला सुमारे 45,000 टन. या प्रक्रियेत पारा उत्प्रेरक म्हणून वापरला जाई. उत्प्रेरक संपत नाही असं आपण शाळेत शिकतो. कारखान्यात मात्र तो सांडतो, झिरपतो, सांडपाण्याबरोबर वाहून जातो. शिवाय प्रक्रियेच्या टाकीतच त्यातला थोडा मेथिल पारा होत असे. साधा पारा आणि मेथिल पारा यांत जमीन-अस्मानाचा फरक. मेथिल पारा आतड्यातून जवळजवळ सगळा रक्तात उतरतो, मेंदूत शिरतो, आणि आईच्या वारेतून गर्भापर्यंतही पोचतो.

सांडपाण्याचा नाला ह्याक्केन बंदरात उघडत असे. 1959 मध्ये त्याच्या तोंडाशी गाळाचे नमुने काढले, तर त्यात पारा निघाला 2,010 पीपीएम, म्हणजे टनभर ओल्या गाळात दोन किलो! स्वच्छ समुद्रतळाच्या गाळात हे प्रमाण 0.1 पीपीएमच्याही खाली असतं. वीस हजार पटींचा फरक झाला. एवढा पारा खडकात सापडला असता तर कुणीतरी तिथे खाण काढली असती.

उपसागरातली मासळी खाऊन गावातल्या मांजरांना आधी झटके येऊ लागले, ती मरू लागली. मग माणसांची पाळी. 1 मे 1956 रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. नंतर रुग्णांचे केस तपासले गेले. माणसाच्या केसांत एरवी काही पीपीएम पारा असतो, तिथे सर्वाधिक नोंद झाली 705 पीपीएमची. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ छोट्या लाकडी डबीत जपून ठेवतात. डॉक्टर मासाझुमी हाराडा यांनी या डब्या मागून घेतल्या आणि नाळेतला मेथिल पारा मोजून घेतला. कारखान्याचं उत्पादन ज्या वर्षांत चढलं, त्याच वर्षांत नाळेतला पाराही चढलेला! बापजाद्यांनी मायेने ठेवलेली वस्तू पुरावा म्हणून कामी यावी, यापेक्षा भयंकर हिशेबवही माझ्या तरी वाचनात नाही.

1958 मध्ये कंपनीने एक शहाणपणा केला. सांडपाणी बंदराऐवजी मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवलं. रोग बंदरापुरता होता, तो पुढच्या शिरानुई समुद्राच्या काठाने पसरला. आजाराचं कारण सरकारने अधिकृतपणे मान्य केलं सप्टेंबर 1968 मध्ये, उत्पादन बंद झाल्यावर. आजवर अधिकृत रुग्ण ठरले ते दोन हजारांहून थोडे अधिक. 2009 च्या मदत कायद्याखाली मात्र 60,000 हून जास्त लोकांनी अर्ज केले. या दोन आकड्यांमधल्या दरीत किती कोर्टकचेऱ्या आणि किती आयुष्यं गेली असतील, ते सांगायला आकडे अपुरे आहेत.

आता शीर्षकातला दुसरा आकडा. 25 पीपीएमपेक्षा जास्त पारा असलेला गाळ उपसायचा किंवा भरावाखाली गाडायचा असं ठरलं. काम 1977 ला सुरू झालं आणि 1990 ला संपलं. गाळ किती? सुमारे 15 लाख 10 हजार घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड लाख टँकर. टँकर आठ मीटर लांब धरून एकामागे एक लावले तर रांग होते 1,200 किलोमीटर. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून रांग परत फिरते आणि पुन्हा पाचशे किलोमीटर चालते. एका टँकरने हे केलं. खर्च आला सुमारे 4,850 कोटी येन. 58 हेक्टर जमीन समुद्रात भर घालून तयार झाली आणि तिच्या पोटात हा गाळ गेला. दरम्यान दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडावर जाळं लावलं होतं, ते 1974 पासून 1997 पर्यंत तसंच राहिलं. आतले मासे पकडायचे मच्छीमारांनीच, आणि ते विकायचे नाहीत, पिंपांत भरून त्याच भरावात गाडायचे. ज्याची हयात दर्यावर गेली, त्याने पकडलेली मासळी पिंपात कोंबताना काय वाटलं असेल!

भरावावर आज बाग आहे, खेळाची मैदानं आहेत. गाळ अडवून धरणारी भिंत पोलादी, आणि खारं पाणी पोलादाला सोडत नाही. त्यामुळे ती तपासत राहणं हे प्रांताच्या मागे कायमचं लागलेलं काम आहे.

हे फक्त जपानचं दुखणं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या उल्हास नदीच्या खाडीतला गाळ तपासून त्यात कारखान्यांमधून आलेला पारा साठल्याचं 2003 मध्ये प्रसिद्ध केलं आहे. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणारा मिनामाता करार भारतानेही 2018 मध्ये मंजूर केला. करार पुढच्या पाऱ्याला आवर घालेल. गाळात बसलेल्या पाऱ्याला मात्र ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू हळूहळू मेथिल रूपात बदलत राहतात आणि ढवळला तर तो वरही येतो. तेव्हा तुमच्या खाडीतला गाळ उपसायचं टेंडर निघालं, की कंत्राट किती कोटींचं आणि कुणाला मिळालं, हे नंतर विचारा. आधी विचारा: गाळात पारा तपासला का, किती निघाला, आणि उपसून टाकणार कुठे? उत्तर तोंडी नको, लेखी मागा.