किहीमच्या किनाऱ्यावर नऊ दिवस

व्यापारी माणसास ऋतू दोनच ठाऊक असतात; एक आवकेचा आणि दुसरा टंचाईचा. त्यातही माळव्यातील धान्यव्यापाऱ्यास आश्विन महिना म्हणजे मान वर करण्यासही उसंत नसलेला काळ. सोयाबीनच्या गाड्यांनी मंडीचे आवार भरून जाते आणि लिलाव, तोल, हिशेब यांत दिवस केव्हा मावळला ते कळत नाही. अशा ऐन हंगामात पेढी मुलाच्या हवाली करून समुद्रकाठी जाऊन राहणे हे आमच्या घरात आजवर कोणी केले नव्हते. गतवर्षी मी ते केले. मंदीच्या दिवसांत पेढी सोपविणे म्हणजे विहीर आटल्यावर पोहण्यास शिकविणे होय. सोपवावयाची तर हंगामातच, असा त्यामागे विचार होता. मित्रमंडळींच्या आग्रहावरून त्या प्रवासाचा वृत्तांत बंधुवर्गासमोर ठेवीत आहे.

उज्जैनहून रात्री अवंतिका एक्स्प्रेसने निघालेला मनुष्य सकाळी मुंबई सेंट्रलला उतरतो. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे तासाभरात मांडवा बंदर येते आणि तेथून मोटारीने थोडक्याच वेळात किहीम. पावसाळ्यात या लाँचा बंद असतात. म्हणून आश्विनाआधी कोणी बेत करू नये. स्वतःची मोटार नेणाऱ्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मोठी रो-रो बोट सुरू झाली आहे.

आमची बंगली लहानशी, कौलारू, नारळाच्या वाडीत होती. पुढे सुरूची झाडे आणि त्यांपलीकडे समुद्र. जेवणाची चिंता अनेकांस वाटते, तीविषयी एवढेच सांगतो की, आधी कळविल्यास कंदमुळे वगळून उत्तम भोजन मिळते. तांदळाची भाकरी आणि सोलकढी यांची चव अद्याप जिभेवर आहे. मात्र जागा ठरविताना मासळी सुकविण्याच्या ओट्यांपासून दूर पाहावी, नाही तर वारा फिरताच खिडक्या लावून बसावे लागते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या आपल्यासारख्यांना एक लाभ असा की, इतर मंडळी सूर्यास्त पाहून स्वयंपाकाच्या घाईत पडतात, आणि आपण हात धुऊन निवांत तो पाहू शकतो. आश्विनातील दुपारी मात्र तेथे फार उकडते. त्या वेळी पडवीत पडून राहण्यावाचून इलाज नाही.

आम्ही कोजागरीस पोहोचलो, त्यामुळे समुद्राला उधाण होते. भरती-ओहोटीच्या वेळांचे छापील पत्रक मिळते. पण बंगलीची देखभाल करणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मला दर्यावर्दी लोकांचा हिशेब सांगितला, तो ऐकून मी थक्क झालो. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती! दोन्ही पक्षांस हाच नियम. अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस सव्वाअकराला. आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पाऊणकीचे पाढे आम्ही शाळेत छडीच्या धाकाने पाठ केले आणि पुढे पेढीवर वापरले; ते समुद्रासही लागू पडतात हे साठीनंतर समजले. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि त्याच्यामागून भरतीही तितकीच सरकते, हे त्याचे कारण. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, तेव्हा थोडी कसर राहते. पण नाखव्याच्या कामापुरते हे गणित चोख आहे.

त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी झाला. वद्य प्रतिपदेस भरती पाऊण वाजता, म्हणून पूर्ण ओहोटी सकाळी सातच्या सुमारास. पहाटे निघून आम्ही अलिबागेस गेलो आणि ओल्या वाळूवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत कुलाबा किल्ल्यात पोहोचलो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याच्या उभारणीस हात घातला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. चोहोंकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, हे नवल प्रत्यक्ष पाहावे. परतण्यास विलंब करू नये. पाणी चढू लागले की ते कोणासाठी थांबत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी फारसे हटत नाही आणि पायी जाण्याचा बेत फसतो.

परंतु किहीमचे नाव ज्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक झाले ती गोष्ट निराळीच आहे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली हे मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते होते. जर्मनीतील शिक्षण आटोपून १९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली होती. पत्नी तेहमीना यांच्याकडील एक घर किहीमास होते, तेथे हे बेकार गृहस्थ राहावयास आले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाती वेळच वेळ. तेव्हा तासन्‌तास बसून त्यांनी त्या पक्ष्यांचा व्यवहार पाहिला आणि टिपून ठेवला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

त्यांनी दाखविले ते असे. आपण ज्याला ‘सुगरण’ म्हणतो त्या पक्ष्याचे घरटे बांधणारा असतो नर. तो गवताच्या व भाताच्या पात्यांच्या चिरोट्या विणून घरटे अर्ध्यावर आणतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. पसंत पडले तर एखादी मादी तेथे राहते आणि मगच नर लांब नळीसह ते पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली की स्वारी दुसरे घरटे मांडावयास घेते! माझ्या व्यापारी बुद्धीस यात आपलीच रीत दिसली: आधी नमुना दाखवावयाचा, सौदा ठरला की मग पुरा माल द्यावयाचा. सौभाग्यवतींस मात्र त्यातील दुसऱ्या संसाराचा भाग मुळीच रुचला नाही, आणि ज्याचे काम नराचे त्याला नाव बाईचे का, असा त्यांनी केलेला प्रश्न मला बिनतोड वाटला.

आश्विनात हा संसार आटोपलेला असतो. शिंदीच्या झाडावर वाळलेली, रिकामी घरटी लोंबत होती आणि पाखरे थव्याथव्याने कापणीच्या भातावर उतरत होती. एक घरटे अर्धेच होते. नमुना नापसंत झालेला.

सहाव्या दिवशी तेथेच उभा असताना मुलाचा दूरध्वनी आला. दोनशे क्विंटल सोयाबीनचा सौदा पुढे होता. “अण्णा, माल चांगला दिसतो, पण ओलावा जरा जास्त वाटतो. काय भाव धरू?” तीस वर्षांपूर्वी माझे वडील असते तर त्यांनी उज्जैनबाहेरूनही आकडा सांगितला असता, आणि मीही तो मुकाट्याने मानला असता. माझ्याही ओठांवर आकडा आला होता. पण मूठभर दाणे तळहातावर घेऊन दाताखाली फोडून पाहिले होते ते मुलाने. मी म्हणालो, “नमुना तू पाहिलास, भाव तूच ठरव.” पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग “बरे” म्हणून त्याने ठेवून दिला.

संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता हे लपवीत नाही. विचारणा मात्र केली नाही. परत आल्यावर वहीत पाहिले: त्याने माझ्या मनातील आकड्याहून अठरा रुपये कमी भाव लावला होता, आणि माल मिळाला होता.

यंदा त्रिपुरी पौर्णिमेस मुलगा व सूनबाई किहीमास जावयाचे म्हणतात. पाऊणकी त्याला येत नाही. एकापासून पंधरापर्यंत कागदावर लिहून दिली आहे.